रोजच्या कामात सापडलेले विश्वासाचे धडे – तुमचेही लिहा

बागेतली_मार्था
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. रविवारी उपासनेत आपण येशूचे दाखले, म्हणजे बोधकथा, ऐकतो, पेरणारा, खमीर, हरवलेलं नाणं, द्राक्षमळा, आणि यातले बहुतेक दाखले ऐकणाऱ्यांच्या रोजच्या हातातल्या कामाचे होते, मग आपल्या हातातल्या कामात आपल्याला काय दिसतं ते एकमेकांना सांगावं असं वाटतं.

मी माझं सांगते. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. लग्न होऊन आले तेव्हा योहान १५ (येशू मी द्राक्षवेल, तुम्ही फांद्या आणि बाप छाटणी करणारा बागवान म्हणतो तो अध्याय) मला तोंडपाठ होता, संडे स्कूलच्या पाठांतरात बक्षीससुद्धा मिळालेलं, पण वेल जवळून कधी बघितला नव्हता. आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऑक्टोबरची गोडी छाटणी सगळ्यांना कळते कारण तिच्यावर द्राक्षं येतात. एप्रिलची खरड छाटणी वेगळी. माल निघाला की वेलाला थोडी विश्रांती देतात आणि मग ऐन उन्हाळ्यात ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा (कोंब फुटतो ती जागा) ठेवून सगळ्या काड्या उडवतात, नुसते खुंट उरतात, पाहुणे आले की विचारतात बाग मोडली का. आणि एवढं करून त्या छाटणीवर एक मणी मिळत नाही.

पण पुढच्या मालाचं सगळं तिथेच ठरतं. नवीन काडी फुटली की पाच-सात पानांवर शेंडा मारून सबकेन करतात, म्हणजे तिला पुढे पोटकाडी फुटू देतात, मग साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान काडीच्या डोळ्याच्या आत घड तयार व्हायला लागतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, तपकिरी टोक असतं नुसतं. ऑक्टोबरच्या आधी आम्ही काड्या लॅबला देतो, तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात कितव्या डोळ्यात घड आहे, आणि त्या हिशोबाने कात्री लावायची. मे-जूनमध्ये पानांची गर्दी होऊन डोळ्यांना ऊन मिळालं नाही तर काडी वांझ निघते, मग ऑक्टोबरात कितीही खत ओता, आत घड नसेल तर येणार कुठून.

हे डोळ्यांनी बघितल्यावर योहान १५ मधलं "माझ्यामध्ये राहा" मला वेगळं ऐकू यायला लागलं. चौथ्या वचनापासून पुढे येशू राहा, राहा हेच पुन्हा पुन्हा सांगतो. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा माझा चर्चमधला कॉयर (गायनवृंद) सुटला, महिला मंडळ सुटलं, बायबल उघडायचे तेव्हा झोप यायची, मला वाटायचं माझ्या विश्वासाचं काहीच राहिलं नाही आता. मग एक दिवस बागेत सबकेन करताना लक्षात आलं की हा माझा एप्रिल आहे. फळाचा महिनाच नाही हा, आत्ता फक्त वेलाला धरून राहायचं आणि पानांना ऊन लागू द्यायचं, म्हणजे कितीही दमले तरी दोन वचनं का होईना वाचायची. सासूबाईंना भरवता भरवता मोठ्याने स्तोत्र म्हणायला लागले ते तेव्हापासून.

अजून एक, यहेज्केल १५ काढून बघा, तिथे म्हटलंय की द्राक्षवेलाच्या लाकडाची साधी खुंटीसुद्धा होत नाही. अगदी खरं आहे. छाटलेल्या काड्यांचं आम्ही काहीच करू शकत नाही, चुलीत घालायचं नाहीतर कुट्टी करून बागेतच टाकायचं. या झाडाला फळाशिवाय दुसरी किंमतच नाही.

आता तुमचे अनुभव येऊ द्या. शेती असंच नाही, नोकरी, स्वयंपाक, दुकान, काहीही चालेल.

बावखलकाठी
फारच सुंदर लिहिलंत ताई. आम्ही वसईचे, कॅथलिक. आमच्याकडे वाड्यांमध्ये बावखलं असायची, म्हणजे मोठी डबकीच म्हणा ना पण गोड्या पाण्याची, पावसाचं पाणी त्यात मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या, समुद्र इतका जवळ असून. आमचे पप्पा सांगतात की उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की आख्खी आळी मिळून गाळ काढायची, कुणाची वाडी कुणाचं बावखल ते बघायचं नाही. मग जमिनीला भाव आला आणि भरणी टाकून एकेक बुजवत गेले, आता विहिरींचं पाणी मचूळ लागतं.

उत्पत्ति २६ मध्ये आहे बघा, अब्राहामाच्या वेळच्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवलेल्या आणि इसहाक त्याच पुन्हा खणतो, आणि नावंपण तीच ठेवतो जी बापाने ठेवलेली. मला हा उतारा आधी काही खास वाटायचा नाही. आमच्या घराण्याचं बावखल साफ करायला उतरलो, कमरेएवढ्या गाळात उभं राहून घमेली वर द्यायला लागलो, तेव्हा वाटलं की माझ्या आजीची संध्याकाळची रोझरी, जेवणाआधीची प्रार्थना, शेजारी आजारी पडला की पेज घेऊन जाणं, हेसुद्धा आम्ही बुजवलंय. मोबाईलची भरणी टाकली त्याच्यावर. नवीन विहीर शोधत फिरायची गरज नाहीये, खाली पाणी आहेच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या, म्हणजे इथली हिरवाई वाचवायच्या, चळवळीत उतरले तेव्हा काही लोक म्हणायचे फादरचं हे काम आहे का. मला विचाराल तर ते प्रवचनच होतं.

सोलापुरी_शिमोन
विषय चांगला आहे पण मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. हल्ली व्हॉट्सअपवर सकाळी सकाळी असले धडे येतात, सिग्नल लाल म्हणजे देव थांब म्हणतोय, मोबाईल चार्ज तशी प्रार्थना, पासवर्ड विसरला तरी देव आपल्याला विसरत नाही. मला त्याचा कंटाळा येतो खरं सांगायचं तर. त्यात सिग्नलबद्दल पण काही कळत नाही आणि देवाबद्दल पण नाही. वचन आधीच ठरलेलं असतं आणि कुठलीतरी वस्तू आणून त्याला चिकटवायची. येशूचे दाखले असे नाहीत, ते ऐकून लोक चिडायचे, विचारात पडायचे, मत्तय २१ मधला द्राक्षमळ्याच्या दुष्ट कुळांचा दाखला ऐकून तर मुख्य याजक आणि परूशी, म्हणजे तेव्हाचे धर्मपुढारी, त्याला धरायला निघाले होते. आपल्या धड्याने कधी कुणाला काही टोचतं का, निदान आपल्याला स्वतःला?

बागेतली_मार्था
शिमोनदादा राग कशाला, बरोबर बोललात. मला वाटतं फरक इथे आहे की काम नीट माहीत असेल तर ते आपल्याला उलटं काहीतरी सांगतं, आपण जे म्हणणार होतो त्याच्यापेक्षा वेगळं. बावखलकाठी यांचंच बघा, ते गाळात उतरले तेव्हा तो उतारा उघडला, काठावर बसून नाही उघडला. आणि टोचण्याचं म्हणाल तर येतेय त्याच्यावर पण, माझा बागेचाच एक अनुभव आहे तो नंतर लिहिते, आत्ता फवारणीचं बघायचंय.

नाईट_ड्युटी
मी नर्स आहे, ट्रेनिंग मिरजेचं. आमच्या तिकडे मिशन हॉस्पिटलची परंपरा जुनी, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला सुरू केलेलं, त्यामुळे नर्सिंग म्हणजे सेवा हे लहानपणापासून ऐकत आले, इतकं ऐकलं की त्याचा अर्थच वाटेनासा झाला होता.

शुगरच्या पेशंटच्या पायाचं ड्रेसिंग माझ्याकडे असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शुगर खूप वर्षं असली की पायाची संवेदना जाते. चप्पलमध्ये खडा असला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पहिल्यांदा कळतं ते वासावरून, तेही घरातल्या दुसऱ्या कुणाला. ड्रेसिंग करताना आधी पाय धुवायचा, मग बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करायच्या, तिथे ओल राहिली की इन्फेक्शन होतं, तेवढं काम घाई न करता करावं लागतं.

आणि दर वेळी एक गोष्ट होते. पेशंट पाय आत ओढून घेतो. मोठमोठी माणसं, रिटायर्ड हेडमास्तर, बागायतदार, सगळे. "सिस्टर तुम्ही नका हात लावू, घाण आहे ते." एक आजोबा तर रडायलाच लागले. त्या दिवशी मला योहान १३ मधला, येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हाचा, पेत्र समोर दिसला, "तुम्ही माझे पाय कधीही धुणार नाही" म्हणणारा. मी इतकी वर्षं समजत होते की त्या प्रसंगात मला येशूसारखं पाय धुवायला शिकायचंय. ते तर आहेच. पण कठीण जागा पेत्राची आहे. आपली जखम आपल्याला कळत नाही, दुसऱ्याला वास येतो, आणि आपण पाय लपवतो.

आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाय धुतात, मला तो विधी आवडतो, पण येणारे सगळे घरून साबण लावून स्वच्छ पाय धुवून आलेले असतात. मलाही तसंच जावं लागतं, लाज वाटते ना. हे मी आमच्या पाळकसाहेबांना बोलून दाखवलं तर ते बराच वेळ गप्प होते, पुढच्या रविवारी त्यांनी उपदेशात हेच घेतलं.

शिमोनदादा मला टोचलं ते हे. त्यानंतर माझ्या बहिणीने मला माझ्या स्वभावाबद्दल एक गोष्ट सुनावली आणि मी पाय आत ओढला नाही. ऐकून घेतलं.

सोलापुरी_शिमोन
सिस्टर, हे वाचून मी माझं म्हणणं मागे घेत नाही पण तुम्हाला सलाम करतो. हाच तो फरक.

जालन्याची_नामी
मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण मार्थाताईंच्या छाटणीवर मला बोलायचं आहे.

माझे मिस्टर गेले तेव्हा मुलं लहान होती. दफनविधीहून घरी आलो आणि मंडळीतल्या एका बाईंनी मला जवळ घेऊन सांगितलं की देव तुझी छाटणी करतोय बाई, अजून फळ यावं म्हणून. त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे. पण त्यानंतर कितीतरी महिने मी योहान १५ उघडू शकले नाही. माझा नवरा म्हणजे काय काडी होता का? माझ्या फळासाठी देवाने मुलांचा बाप नेला? असा देव असेल तर त्याच्यात राहायचं कसं. रोजच्या जगण्यात धडे शोधा म्हणता पण काही गोष्टीत धडा नसतोच असं मला वाटतं, आणि जे रडतायत त्यांना तर कुणी धडा सांगू नये.

बागेतली_मार्था
नामीताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. तुम्ही म्हणता ते मला शंभर टक्के पटतं आणि वचनातूनच पटतं.

येशू छाटणीचं बोलल्यावर पुढच्याच वचनात, १५:३ मध्ये, शिष्यांना म्हणतो की मी तुम्हाला जे वचन सांगितलं त्यामुळे तुम्ही शुद्ध झालेलेच आहात. म्हणजे बापाच्या हातातली कात्री वचन आहे. कॅन्सर नाही, अपघात नाही, कुणाचं मरण नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली त्याबद्दल येशू बोलतो, ती इतरांपेक्षा जास्त दोषी होती का असं विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. आणि लाजाराच्या कबरेपाशी तो रडला, तिथे त्याने लाजाराच्या बहिणींना, मार्था आणि मरियेला, छाटणीचा दाखला दिला नाही.

बागेचंही सांगते. आमच्याकडे गारपीट झाली होती, माल तयार असताना, एका संध्याकाळी सगळे घड खाली. ती छाटणी नव्हती. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर कात्री धरली, त्या दिवशी बांधावर बसून ते म्हणाले, हा काय कुणाचा हात नाही लागलेला, हे नुकसान आहे. कात्री धरणारा माणूस वेल ओळखून एकेक डोळा बघून कापतो. गारा काही बघत नाहीत. दोन्हीला एकच नाव दिलं तर बागवानावर अन्याय होतो. माझा एप्रिल मी माझ्यापुरता सांगितला, दुसऱ्याच्या दुःखाला मी ते नाव देणार नाही.

नाईट_ड्युटी
नामीताई, वॉर्डात कुणी गेलं की नातेवाइकांना काय बोलावं मलाही कळायचं नाही. मुलंबाळं, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच त्यांचं बरोबर होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. मी आता पाणी आणून देते आणि जवळ बसते.

जालन्याची_नामी
मार्थाताई, गारपिटीचं वाचून खूप रडले, पण बरं वाटलं. आज योहान १५ पूर्ण वाचला.

केडगावकर
थोडी इतिहासाची भर घालतो कारण या विषयाला आपल्याकडे मोठा वारसा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये त्या बायका विणकाम, शेती, दुभती जनावरं, छापखाना सगळं शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला कळावं म्हणून सोप्या मराठीत, आणि ते छापलं गेलं मुक्तीच्याच छापखान्यात. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर भाषांतराचं काम हातावेगळं केलेलं होतं.

मी छापखान्याच्या धंद्यात होतो, त्यामुळे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. अक्षर उलटं वाचायचं, बोटं काळी होतात, मानेला रग लागते, एक वेलांटी सुटली की ओळ पुन्हा. जिला दुष्काळात कुणी दाणा दिला नाही ती मुलगी एकेक खिळा लावून "मी जीवनाची भाकर आहे" हे वचन जुळवतेय, मला या चित्रापुढे दुसरं काही सुचत नाही. तिथे भक्ती वेगळी आणि काम वेगळं असं नव्हतंच. आपल्या मराठी मातीला हे नवीन पण नाही, जनाबाईच्या जात्याला विठ्ठल हात लावतो हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे.

मान्ना_ऑटो
रिक्षा चालवतो पुण्यात. जास्त लिहिता येत नाही. निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात देवाने लोकांना दिलेलं अन्न, रोज जेवढा लागेल तेवढाच गोळा करायचा आणि उद्यासाठी ठेवला तर किडे पडायचे, हे मला बरोबर कळतं कारण माझा धंदा तसाच आहे, सकाळी गॅस भरला की खिसा रिकामा आणि रात्रीपर्यंत काय होईल ते देवाला माहीत. पण त्या अध्यायात एक गोष्ट आहे ती लोक सांगत नाहीत, ज्याने जास्त गोळा केला त्याला जास्त झालं नाही आणि ज्याने कमी केला त्याला कमी पडलं नाही. आमच्या स्टँडवर एकाची गाडी बंद पडली तर आम्ही दिवसाचे थोडे थोडे काढून त्याच्या घरी देतो. त्यात सगळ्या धर्माचे आहेत. मी त्यांना कधी मान्ना म्हणून सांगितलं नाही पण मला माहीत आहे ते काय आहे.

सोलापुरी_शिमोन
मान्नाभाऊ, हे मला यायचं नाही उपदेशात, तुम्हाला आलं. मार्थाताई तुमचा तो राहिलेला अनुभव?

बागेतली_मार्था
हो लिहिते. मान्नाभाऊंनी वाट करूनच दिली.

मत्तय २०, द्राक्षमळ्यातले मजूर. सकाळी आलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी तासभर काम केलेल्यालाही एक दिनार. हा दाखला मंडळीत वाचला की सगळे म्हणतात किती कृपा. पण आम्ही मजूर लावणारे आहोत, आमच्या घरात हा दाखला वाचला की अडचण होते. सासरे स्पष्ट म्हणायचे, असा धंदा केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी येईल का.

छाटणीला आमच्याकडे पेठ, सुरगाण्याकडून आदिवासी टोळ्या येतात. बहुतेक काम उक्तं असतं, एकरी भाव ठरतो, टोळीने किती दिवसांत करायचं ते त्यांचं ते. एका टोळीत एक म्हातारी बाई होती. कात्री धरली की हात थरथरायचा, तरण्या बायका दोन ओळी संपवायच्या तेव्हा तिची अर्धी व्हायची. पैसे द्यायची वेळ आली, मी मुकादमाच्या हातात दिले आणि तिथेच उभी राहिले, त्यांनी बागेतच बसून वाटणी केली. सगळ्यांना सारखी. त्या म्हातारीला पण तेवढीच. मी विचारलं, मावशीला पण तेवढेच? तर त्यातली एक जण माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला पोट नाही का ताई?"

बस. एवढंच म्हणाली आणि पैसे कमरेला खोचून उठली.

मी हा दाखला किती वेळा ऐकला असेल, किती पाळकांकडून. संध्याकाळपर्यंत नाक्यावर उभे राहिलेले ते लोक मालकाला म्हणतात की आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. कुणी लावलं नसेल त्यांना? म्हातारे, लंगडे, हात थरथरणारे, तेच उरले असतील ना. एक दिनार म्हणजे एका घराचं एका दिवसाचं पोट. मालक कामाकडे बघून देत नव्हता, पोटाकडे बघून देत होता, हे मला चर्चमध्ये न जाणाऱ्या बाईने एका वाक्यात सांगितलं.

शिमोनदादा तुम्ही विचारलं होतं टोचतं का. टोचलं, आणि घरात वाद पण झाले. आता आमच्याकडे एक ठरलंय, टोळीचे पैसे काम संपेल त्या दिवशी, अंधार पडायच्या आत द्यायचे, पुढच्या बाजाराला देतो म्हणायचं नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात २४:१५ तेच सांगतं, सूर्य मावळायच्या आधी मजुरी दे कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या पैशाकडे लागलेलं असतं. आणि रोजंदारीवर कुणी म्हातारं माणूस आलं तर रोज पूर्ण. मिस्टर आधी तयार नव्हते, आता तेच आधी पाकीट काढतात.

बावखलकाठी
"तिला पोट नाही का." ताई हे मी आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सांगितलं तर चालेल ना, तुमचं नाव न घेता?

बागेतली_मार्था
माझं काय त्यात, त्या बाईचं वाक्य आहे. जरूर सांगा. फक्त टोळीचं म्हणून सांगा, आमच्या चांगुलपणाचं म्हणून नको.

सोलापुरी_शिमोन
आमच्या मंडळीत बरेच जण बांधकामाची कंत्राटं घेतात, मजूर अड्ड्यावरून रोजच्या रोज माणसं उचलतात. शनिवारी माझ्या घरी कॉटेज मीटिंग (घरगुती प्रार्थनासभा) आहे, मत्तय २० आणि अनुवाद २४ घेतो. मजुरीचा मुद्दा काढला की दोघंतिघं उठून जातील बहुधा, तरी काढणार. काय झालं ते रविवारी इथे लिहितो.

मान्ना_ऑटो
शिमोनदादा, जे उठून जातील त्यांना चहा झाल्यावर जाऊ द्या. आणि अड्ड्यावरचे एक-दोन मजूर पण बोलवा मीटिंगला, त्यांना विचारा हा दाखला कसा वाटतो.